आट्यांना शिस्त लावणारा जोसेफ व्हिटवर्थ

सुई एका कंपनीची, सिरिंज दुसऱ्या कंपनीची आणि सलाईनची नळी तिसऱ्याच कंपनीची. वॉर्डातली सिस्टर रात्री दोन वाजता, अंधुक उजेडात ती एकमेकांना जोडते आणि ती घट्ट बसतात. थेंबही गळत नाही. सिरिंजच्या टोकाचा निमुळतेपणा ६ टक्के असा जगभर ठरलेला आहे, म्हणून हे घडते. वस्तू कुठेही बनो, ती जागेवर बसलीच पाहिजे, ही अपेक्षा आज आपल्याला इतकी साहजिक वाटते की तिच्यामागे कुणाचे कष्ट असतील, हे मनातही येत नाही. दोनशे वर्षांपूर्वी मात्र एका कारखान्याचा नट शेजारच्या कारखान्याच्या बोल्टवर चढत नसे. हे चित्र बदलणाऱ्यांत इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थचे नाव फार वरचे आहे.

आजच्या प्रिसिजन मशीनिंगच्या कारखान्यात मॅन्युफॅक्चरिंग इंजिनिअर नावाचा माणूस असतो. डिझाइन करणारा कागदावर भाग काढून देतो, मशीनवरचा कामगार तो कापतो. या दोघांच्या मधले सगळे या इंजिनिअरचे. जॉब कोणत्या मशीनवर घ्यायचा, कसा पकडायचा, आधी काय कापायचे आणि नंतर काय, कोणते टूल लावायचे, किती चूक चालेल आणि ती कशाने मोजायची, हे तो ठरवतो. शंभरावा भाग पहिल्यासारखाच निघाला पाहिजे, ही त्याची जबाबदारी. हे पद नावानिशी अस्तित्वात नव्हते तेव्हा व्हिटवर्थने ते काम आयुष्यभर केले.

त्याचा जन्म २१ डिसेंबर १८०३ चा, मँचेस्टरजवळच्या स्टॉकपोर्टचा. लहानपणीच आई गेली, वडील धर्मोपदेशक होण्यासाठी निघून गेले आणि मूल दुसऱ्यांच्या आधाराने वाढले. चौदाव्या वर्षी त्याला डर्बीशायरमध्ये मामाच्या सूतगिरणीत उमेदवारीला लावले. पुढे भागीदार करून घ्यायचे, असा बेत होता. मुलाचे लक्ष मात्र सुतात नव्हते, ते कातणाऱ्या यंत्रांत होते. ही यंत्रे किती ओबडधोबड बनवली आहेत, हेच त्याला खुपत असे. काही वर्षांनी तो तिथून पळाला आणि मँचेस्टरमध्ये साधा मेकॅनिक म्हणून कामाला लागला. १८२५ साली लग्न झाले. त्यानंतर तो लंडनला हेन्री मॉडस्ले याच्या कारखान्यात गेला. उत्तम कारागिरीची ती त्या काळातली सर्वांत नावाजलेली शाळाच होती. पुढे जोसेफ क्लेमंटच्या कारखान्यात, चार्ल्स बॅबेजचे गणनयंत्र जिथे घडत होते तिथेही, त्याने काम केले.

लंडनमध्ये त्याने ज्या प्रश्नाला हात घातला तो ऐकायला सोपा वाटतो. लोखंडाचा पृष्ठभाग खरोखर सपाट कसा करायचा? यंत्रातला प्रत्येक कोन, प्रत्येक माप शेवटी कुठल्या तरी सपाट पृष्ठावरून घेतलेले असते. तेच वाकडे असेल तर पुढचे सारे वाकडे. त्या वेळी दोन प्लेटा एमरीची पूड घालून एकमेकींवर घासण्याची पद्धत होती. पण एक प्लेट मध्ये किंचित फुगीर आणि दुसरी तेवढीच खोलगट असली, तरी त्या दोन्ही एकमेकींवर छान बसतात. त्या जुळल्या म्हणजे सपाट झाल्या, असे होत नाही. उपाय होता तिसरी प्लेट. तीन प्लेटा आलटून पालटून जोडीने तपासायच्या. तिन्ही जोड्या जुळल्या तरच तिन्ही सपाट, कारण फुगीर प्लेट दुसऱ्या फुगीर प्लेटवर बसू शकत नाही. शिवाय घासण्याऐवजी रंग लावून उंचवटे शोधायचे आणि तेवढेच हाताने खरवडायचे, यावर व्हिटवर्थने भर दिला. १८४० मध्ये त्याने ही पद्धत ग्लासगोला शास्त्रज्ञांच्या सभेत मांडली.

१८३३ साली मँचेस्टरला परतून त्याने वाफेच्या शक्तीची सोय असलेली एक खोली भाड्याने घेतली आणि स्वतःच्या नावाची पाटी लावली. त्याच्या लेथ आणि प्लेनिंग मशीन लवकरच इतरांच्या मशीनपेक्षा उजव्या ठरल्या. आता त्याला दुसरी गोष्ट खटकू लागली. प्रत्येक कारखाना स्क्रूचे आटे आपल्या मनाने पाडत होता. यंत्र बिघडले तर बोल्ट मूळ कारखान्याकडूनच आणावा लागे, नाहीतर स्थानिक कारागिराकडून खास पाडून घ्यावा लागे. व्हिटवर्थने देशभरच्या कारखान्यांतून बोल्ट गोळा केले, मोजले आणि त्यांची सरासरी काढली. आट्याचा कोन ५५ अंश, माथा आणि तळ गोलसर, आणि प्रत्येक जाडीला इंचामागे आट्यांची ठरलेली संख्या: पाव इंचाला २०, अर्ध्या इंचाला १२, एका इंचाला ८. १८४१ मध्ये त्याने हे कोष्टक लंडनच्या सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे ठेवले. रेल्वे कंपन्यांनी ते उचलले आणि हळूहळू देशाने. क्रिमियन युद्धात नौदलाला छोट्या तोफनौकांची तातडीने गरज पडली, तेव्हा जॉन पेन या अभियंत्याने इंजिनांचे सुटे भाग वेगवेगळ्या कारखान्यांत एकाच वेळी करून घेतले आणि ९० दिवसांत इंजिनांचे ९० संच जोडून दिले. सर्वांचे आटे एकच होते म्हणूनच हे जमले. इंग्रजांबरोबर ते आटे आपल्याकडेही आले. आपल्या घरातल्या नळाच्या पाइपचे आटे आजही त्याच ५५ अंशांच्या घराण्यातले आहेत.

एकसारखे बनवायचे तर नेमके मोजता आले पाहिजे. व्हिटवर्थचे मोजयंत्र इंचाचा दहा लाखावा भाग दाखवत असे. हिशेब सरळ होता. इंचाला २० आटे असलेला स्क्रू, त्याला २०० दातांचे चाक आणि ते फिरवणाऱ्या चकतीवर २५० खुणा. वीस गुणिले दोनशे गुणिले अडीचशे म्हणजे दहा लाख. हे अंतर किती लहान? आपली तांबडी रक्तपेशी साधारण साडेसात मायक्रॉन रुंद असते. तिचे तीनशे तुकडे कल्पिले तर त्यातला एक.

मी शिकत होतो तेव्हा काचेच्या सिरिंजा उकळून पुन्हा वापरत. त्यांतल्या अनेकींच्या नळीवर आणि दट्ट्यावर एकच क्रमांक कोरलेला असे. ती जोडी एकमेकांसाठीच घासून बसवलेली असायची. अदलाबदल झाली तर दट्ट्या अडके किंवा औषध मागून गळे. व्हिटवर्थच्या आधीचे जग असे जोड्याजोड्यांचे होते. आजही ते पूर्ण संपलेले नाही. सरकारी रुग्णालयात चांगला चालणारा मॉनिटर केवळ एका सेन्सरअभावी बंद पडून राहतो, कारण त्याच कंपनीचा सेन्सर लागतो आणि तो वेळेवर येत नाही. खरेदीच्या वेळी यंत्राच्या किमतीबरोबर त्याचे सुटे भाग दुसरीकडे मिळतात का, हे विचारायला हवे. घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर किंवा नेब्युलायझर घेणाऱ्यांनीही हा प्रश्न दुकानदाराला जरूर विचारावा.

सगळे सगळ्याला बसणे हेही नेहमी हिताचे नसते. नाकातून पोटात जाणारी अन्नाची नळी आणि शिरेतली नळी यांची टोके सारखीच असल्याने द्रव अन्न शिरेत गेल्याच्या आणि त्यात रुग्ण दगावल्याच्या घटना जगात घडल्या आहेत. म्हणून आता अन्ननळीची टोके मुद्दाम वेगळ्या मापाची करण्याचे आंतरराष्ट्रीय मानक आहे. आपल्याकडे दोन्ही प्रकार वापरात दिसतात. घरी रुग्णाला नळीने भरवणाऱ्यांनी काही सोडण्याआधी ती नळी टोकापासून शरीरापर्यंत बोटाने तपासून पाहावी, आणि भरवण्याची सिरिंज इंजेक्शनच्या सामानात ठेवू नये.

व्हिटवर्थच्या आयुष्याची दुसरी बाजू डॉक्टरला अस्वस्थ करते. १८५० च्या दशकात सरकारने त्याला रायफल सुधारायला सांगितले. त्याने षट्कोनी नळीची बंदूक केली. १८६० साली विम्बल्डनच्या स्पर्धेचे उद्घाटन व्हिक्टोरिया राणीने त्याच बंदुकीतून ४०० यार्डांवर गोळी झाडून केले आणि ती निशाणाच्या जवळजवळ मध्यावर लागली. ब्रिटिश सैन्याने ती स्वीकारली नाही, पण अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या नेमबाजांनी ती वापरली. जी अचूकता यंत्र चालवते, तीच दुरून माणूस टिपते. तोफा आणि पोलाद यांतूनही त्याने मोठी संपत्ती मिळवली.

त्या पैशाचे पुढे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. १८६८ मध्ये त्याने हातकाम आणि शास्त्र दोन्ही जाणणाऱ्या तरुणांसाठी वर्षाला ३,००० पौंडांच्या शिष्यवृत्त्या सुरू केल्या. पुढच्या वर्षी त्याला बॅरोनेट हा किताब मिळाला. २२ जानेवारी १८८७ रोजी माँटे कार्लो येथे त्याचे निधन झाले. मूलबाळ नव्हते. पत्नी आणि दोन स्नेह्यांच्या हाती त्याने मालमत्ता सोपवली. त्यांतला एक रिचर्ड ख्रिस्ती. या वारशाच्या आधाराने १८९२ मध्ये मँचेस्टरला कर्करुग्णांसाठी आणि असाध्य आजाराच्या लोकांसाठी रुग्णालय सुरू झाले. १९०१ पासून त्याला ख्रिस्तींचे नाव आहे.

१९३० च्या दशकात मँचेस्टरमध्ये याच परंपरेत रॅल्स्टन पॅटरसन आणि हर्बर्ट पार्कर यांनी रेडियम कुठे, किती आणि कसे ठेवायचे याचे नियम बसवले. तोवर अनेक रुग्णालये आपापल्या अंदाजाने रेडियम वापरत होती, आणि एकाचा अनुभव दुसऱ्याच्या कामी येणे कठीण होते. पुढे मार्गारेट टॉड आणि मेरेडिथ यांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी शरीरातली एक ठरावीक जागा निश्चित केली आणि किरणांचा डोस तिथे मोजायचा, असे सुचवले. तिला 'पॉइंट ए' म्हणतात. भारतात आजही हा कर्करोग बायकांमध्ये फार आढळतो, आणि आपल्याकडच्या किरणोपचार विभागांत डॉक्टर त्या बिंदूचा आधार घेतात. एका रुग्णालयात सुरू झालेला उपचार दुसऱ्या रुग्णालयातला डॉक्टर कागद वाचून पुढे नेऊ शकतो, कारण दोघांचे माप एकच असते.