वॉल्ट डिस्ने : हरणामागचं धुकं

पहिल्या सेमिस्टरला इंजिनिअरिंग ग्राफिक्सच्या शीटवर मी इतकं खोडलं की शेवटी कागदालाच भोक पडलं. त्या रात्री वैतागून रूममेटच्या लॅपटॉपवर ‘बँबी’ लावला. गोष्ट तशी लहान मुलांची, हरणाच्या पाडसाची. पण पाहता पाहता लक्षात आलं, या जंगलात पानं जवळजवळ नाहीतच! धुकं, दोन-चार खोडं आणि मधे हरीण. तरीही जंगल घनदाट वाटतं. हे कसं जमलं, ते शोधायला गेलो आणि वॉल्ट डिस्नेच्या आयुष्यात शिरलो.

वॉल्टचा जन्म ५ डिसेंबर १९०१ चा, शिकागोचा. बालपण थोडं मार्सेलीनच्या शेतावर आणि पुढे कॅन्सस सिटीत गेलं. तिथे वडिलांनी पेपरची लाइन घेतली होती. हा पोरगा पहाटे उठून बर्फातून घरोघर पेपर टाकायचा आणि शनिवारी चित्रकलेच्या वर्गाला जायचा. तरुणपणी काढलेल्या कंपनीचं १९२३ मध्ये दिवाळं वाजलं. मग हॉलिवूड गाठून भाऊ रॉयच्या साथीने नवा स्टुडिओ उभा केला. १९२८ मध्ये मिकी माऊस आला आणि नाव झालं.

गंमत अशी की मिकी कागदावर उतरवला तो मुख्यतः अब आयवर्क्स या मित्राने. वॉल्टने त्याआधीच स्वतः अ‍ॅनिमेशन करणं सोडलं होतं. आपल्यापेक्षा चांगला हात दुसऱ्यांचा आहे, हे त्याने ओळखलं होतं. पण त्यांनाही अजून शिकायला हवं, असं त्याला वाटे. म्हणून तो आपल्या लोकांना चक्क स्वतःच्या गाडीतून संध्याकाळी शुनार्ड कला विद्यालयात सोडायचा. १९३२ पासून तिथले शिक्षक डॉन ग्रॅहम स्टुडिओतच वर्ग घेऊ लागले. १९३५ मध्ये युरोपला गेला, तर येताना तीनशेहून जास्त सचित्र पुस्तकं घेऊन आला. त्यात गुस्ताव डोरेसारख्या जुन्या चित्रकारांचं काम होतं. ती स्टुडिओच्या लायब्ररीत ठेवली. अडलं की उघडा आणि पाहा!

सिनेमा सुरू होण्याआधी काही चित्रकार फक्त वातावरणाची चित्रं काढतात. प्रकाश कुठून येतो, रंग कोणते, प्रसंग पाहताना काय वाटावं, एवढंच त्यात ठरतं. ही कन्सेप्ट आर्ट. पडद्यावर ती बहुधा येत नाही, पण बाकी सगळे तिच्याकडे बघून काम करतात. आपल्या भाषेत, डिटेल ड्रॉइंगच्या आधीचं स्केच.

‘बँबी’चं घोडं इथेच अडलं होतं. पार्श्वभूमीत पान न् पान रंगवलं की हरीण हरवून जायचं. स्टुडिओत टायरस वाँग नावाचा तरुण होता, लहानपणी चीनमधून आलेला. काम अगदी खालचं, दोन मुख्य चित्रांमधली चित्रं भरण्याचं. सुंग राजवटीतली निसर्गचित्रं त्याला ठाऊक होती. त्यांत डोंगर धुक्यात विरतो, मोठा भाग मोकळाच असतो आणि उरलेलं आपलं मन भरून काढतं. त्याने त्या धर्तीवर छोटी पेस्टल चित्रं केली. वॉल्टला ती पसंत पडली आणि सगळ्या सिनेमाचा चेहरामोहरा त्यावरून ठरला.

पुढचं वाचून मात्र वाईट वाटलं. १९४१ मध्ये स्टुडिओत मोठा संप झाला. पगार आणि युनियन होतीच, पण पडद्यावर नाव येत नाही हीही तक्रार होती. वाँग संपात नव्हता, तरी त्यानंतर त्याची नोकरी गेली. १९४२ मध्ये ‘बँबी’ लागला, तेव्हा श्रेयनामावलीत तो पार्श्वभूमी रंगवणाऱ्यांपैकी फक्त एक होता. डिस्ने कंपनीने त्याचा जाहीर सन्मान केला २००१ मध्ये. तेव्हा वॉल्टला जाऊन पस्तीस वर्षं झाली होती!

१९५९ च्या ‘स्लीपिंग ब्यूटी’त उलटं घडलं. आयविंड अर्लने पंधराव्या शतकातल्या युरोपीय चित्रांसारखी पार्श्वभूमी केली. जवळचं झाड आणि दूरचा किल्ला सारखेच रेखीव. पात्रं त्यात दबतात, अशी अ‍ॅनिमेटर कुरकुर करत. वॉल्ट अर्लच्या बाजूने राहिला. सुमारे साठ लाख डॉलर खर्च झाला, तो पहिल्या फेरीत निघाला नाही आणि मग अनेकांना घरी बसावं लागलं. आज मात्र ती चित्रं विद्यार्थी अभ्यासतात.

१५ डिसेंबर १९६६ ला वॉल्ट गेला. ज्या शुनार्डमध्ये तो लोकांना गाडीने सोडायचा, तिच्यातूनच १९६१ मध्ये कॅलआर्ट्स ही संस्था उभी राहिली होती. मृत्युपत्रात त्याने तिच्यासाठी मोठी रक्कम ठेवली.

आपल्याला येत नाही ते ओळखणं, ज्याला येतं त्याला हुडकणं आणि त्याला आणखी शिकवणं, हे वॉल्टकडून घ्यावं. पण ग्रुप प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर नावं टाकताना मला टायरस वाँग आठवतो. परवा रिपोर्ट बाइंडिंगला देण्याआधी मी ते पान परत काढलं आणि सर्किट जोडून देणाऱ्या ज्युनिअरचं नाव घातलं. प्रिंटचे दोन रुपये जास्त गेले, इतकंच.