विमानाच्या इंजिनाचे तोंड आखूड कसे झाले? वाचा डिट्रिख क्युखमन यांची गोष्ट

विमानात खिडकीची सीट मिळाली की आपण पंखाचा फोटो काढतो. पुढच्या वेळी फ्रेममध्ये इंजिनाचे तोंडही घ्या. त्याची गोल, चकचकीत कड साधी दिसते. ती किती जाड हवी, हे गणिताने सांगणाऱ्यांपैकी एक होते डिट्रिख क्युखमन.

जन्म १९११, जर्मनीतील गॉटिंगेन. त्यांना मॅक्स बॉर्न यांच्याकडे भौतिकशास्त्र शिकायचे होते. पण १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले आणि ज्यू असलेल्या बॉर्न यांना देश सोडावा लागला. क्युखमन मग लुडविग प्रांटल यांच्याकडे वायुगतिकीत गेले. गॉटिंगेनच्याच संशोधन संस्थेत त्यांची गणितज्ञ जोहाना वेबर यांच्याशी जोडी जमली. वेबर नाझी पक्षात नसल्याने त्यांचा शिक्षिका होण्याचा मार्ग बंद झाला होता. दोघांचे काम मात्र त्याच राजवटीच्या युद्धयंत्रणेसाठी होत होते, हेही विसरता येत नाही.

कडेची अडचण काय?

टेकऑफला विमान हळू असते आणि इंजिन भुकेले. हवा चहूबाजूंनी खेचली जाते आणि कडेवरून आत वळते. कड धारदार असेल तर प्रवाह पृष्ठभागापासून सुटतो आणि इंजिनाला भोवऱ्यांनी भरलेली हवा मिळते. उंचावर, वेगात असताना नेमके उलट होते. समोरची हवा गरजेपेक्षा जास्त असते. उरलेली बाहेर सांडते आणि आवरणावरून जाताना वेग घेते. हा वेग फार वाढला की अवरोध वाढतो. तोंड लांब ठेवले तर प्रवाहाला सावरायला जागा मिळते, पण वजन आणि घर्षणही वाढते.

क्युखमन-वेबर यांनी संवेगाच्या नियमातून एक मर्यादा काढली. समजा, तोंडाशी हवेचा वेग विमानाच्या वेगाच्या निम्मा आहे आणि आवरणावर तो २० टक्क्यांहून जास्त वाढू द्यायचा नाही. मग ढोबळ हिशोबाने आवरणाच्या सर्वांत जाड भागाचे क्षेत्रफळ तोंडाच्या किमान १.५७ पट हवे. गंमत म्हणजे या सूत्रात लांबी येतच नाही! वळण नीट दिले तर आवरण आखूड करता येते, जाडीत मात्र काटकसर चालत नाही. (आम्ही इंजिनिअरिंगला हाच नियम पाईपच्या बाकावरचे बल काढण्यापुरता वापरला होता.)

शत्रूच्या देशात

युद्धानंतर, १९४६ मध्ये क्युखमन इंग्लंडमधील फार्नबरोच्या सरकारी विमान संशोधन संस्थेत गेले. पाठोपाठ वेबरही आल्या. १९५३ मध्ये दोघांचा विमान-प्रणोदनाच्या वायुगतिकीवरील ग्रंथ आला.

पुढे कॉन्कॉर्डच्या चिंचोळ्या त्रिकोणी पंखामागेही हीच जोडी होती. इंजिनाच्या कडेवर ज्या सुटलेल्या प्रवाहाला ते टाळत होते, तोच इथे त्यांनी कामाला लावला. धारदार कडेवरून सुटलेले भोवरे कमी वेगातही विमानाला उचलून धरतात. कॉन्कॉर्डचे स्वतःचे हवामार्ग मात्र लांब आणि हलत्या फळ्यांचे होते. ध्वनीपेक्षा वेगाने येणारी हवा इंजिनाआधी मंद करायची, तर आखूड तोंड पुरत नाही.

क्युखमन १९७६ मध्ये गेले, कॉन्कॉर्डची प्रवासी सेवा सुरू झाली त्याच वर्षी. विमानरचनेवरील त्यांचे शेवटचे पुस्तक वेबर यांनी मार्गी लावले आणि ते १९७८ मध्ये छापून आले. वेबर २०१४ मध्ये, वयाच्या १०४ व्या वर्षी गेल्या.