अंगणातील शाळा : ताराबाई मोडक

लहान मुलांच्या शिक्षणाचा विचार महाराष्ट्रात ज्यांनी प्रथम शास्त्रशुद्ध पद्धतीने केला, त्यांत ताराबाई मोडक यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. त्यांचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते. मुलींना शाळेत पाठवणे ज्या काळी अनेकांना खटकत असे, त्या काळात ताराबाई १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या.

पुढे राजकोट येथील स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्यपदी त्यांची नेमणूक झाली. पद मानाचे होते, स्थैर्यही होते. परंतु भावनगरला गिजुभाई बधेका यांनी चालवलेल्या बालमंदिराकडे त्यांचे मन ओढले गेले. छडी आणि घोकंपट्टी यांना तेथे थारा नव्हता. इटलीच्या मारिया माँटेसरी यांच्या विचारांना भारतीय रूप देण्याचा तो प्रयत्न होता. ताराबाईंनी नोकरी सोडली आणि त्या या कार्यात सामील झाल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. ‘शिक्षणपत्रिका’ या मासिकातून त्यांनी पालकांना व शिक्षकांना बालशिक्षणाची ओळख करून दिली. १९३६ साली त्यांनी मुंबईत दादर येथे शिशुविहार सुरू केला.

मात्र एक प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. ही शाळा शहरातील सुस्थितीतील मुलांपुरतीच राहणार काय? माँटेसरी पद्धतीची साधने महाग होती. खेड्यांतील गरीब पालकांना ती परवडणे शक्य नव्हते. गांधीजींच्या शिक्षणविचारांचाही ताराबाईंवर प्रभाव होता. अखेर वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, १९४५ साली, त्यांनी ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या गावी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. बोर्डी आज पालघर जिल्ह्यात आहे. याच वर्षी अनुताई वाघ त्यांच्याबरोबर काम करू लागल्या.

बोर्डीत बालवाडी निघाली. पण ज्यांच्यासाठी ती मुख्यतः काढली, त्या दलित व आदिवासी वस्त्यांतील मुले तिकडे फिरकेनात. आईवडील मजुरीला जात, थोरली भावंडे धाकट्यांना सांभाळत. शिवाय गावातील शिवाशिवीची भीतीही होती. दुसऱ्या कोणी पालकांच्या अज्ञानाला दोष दिला असता. ताराबाईंनी शाळेची जागा बदलली. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा मुलांच्या अंगणात जाईल, असे त्यांनी ठरवले. शिक्षिका वस्तीत जात, मुलांना गोळा करत, त्यांचे हातपाय धूत, नखे कापत आणि तेथेच गाणी, गोष्टी व खेळ सुरू होत. यातूनच अंगणवाडीची कल्पना साकार झाली.

साधनांचा प्रश्नही असाच सुटला. शिंपले, खडे, बिया, पाने, माती यांतून मुले मोजू लागली, रंग व आकार ओळखू लागली. खर्च कमी झाला, पण शिक्षणाचा दर्जा कमी होऊ नये, याविषयी ताराबाई दक्ष होत्या. कमी खर्चाची शाळा चालेल. पण अप्रशिक्षित शिक्षिका चालणार नाही, असा त्यांचा कटाक्ष होता. म्हणून बालसेविकांच्या प्रशिक्षणाला त्यांनी विशेष महत्त्व दिले.

१९५७ साली हे कार्य कोसबादच्या टेकडीवर हलले. तेथे वारली मुलांसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी आकाराला आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर शिक्षक कुरणात जाऊन शिकवू लागले. ही कुरणशाळा म्हणजे अंगणवाडीचेच पुढचे पाऊल होते.

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण देऊन गौरवले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर अनुताईंनी हे काम नेटाने पुढे नेले.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला. आज अशा लाखो अंगणवाड्या सरकारी खर्चाने चालतात. तेथे पोषक आहार मिळतो, लसीकरण होते, मुलांचे वजन घेतले जाते. परंतु मुलांशी बोलणे, त्यांना गोष्टी सांगणे, हाताने काही करू देणे हा भाग अनेक ठिकाणी मागे पडतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही अंगणवाडी सेविकांच्या प्रशिक्षणावर भर दिला आहे. ताराबाईंनी हीच गोष्ट बोर्डीच्या अंगणात प्रत्यक्ष करून दाखवली होती. गरिबाच्या मुलाला मिळणारे शिक्षण स्वस्त असले, तरी ते हलके असता कामा नये, हा त्यांच्या जीवनकार्याचा खरा अर्थ होय.