फ्रँक स्विफ्ट : विजयोत्सवात खेळले, पण हिशेबात धरले नाहीत

६ फेब्रुवारी १९५८ रोजी म्युनिकच्या धावपट्टीवर मँचेस्टर युनायटेडच्या संघाचं विमान कोसळलं, हे फुटबॉलप्रेमींना ठाऊक आहे. एकूण २३ जण गेले. गेलेल्या आठ खेळाडूंची नावं आजही घेतली जातात. पण आठ पत्रकारही गेले होते, आणि त्यातले एक होते इंग्लंडचे माजी कर्णधार, गोलकीपर फ्रँक स्विफ्ट.

स्विफ्ट यांचा जन्म २६ डिसेंबर १९१३ चा, ब्लॅकपूल या समुद्रकाठच्या गावातला. भाऊ फ्रेडसुद्धा गोलकीपरच. फ्रँक यांची उंची सहा फुटांवर आणि पंजा पसरला की जवळजवळ फूटभर भरायचा! बाकीचे गोलकीपर चेंडू लाथेनं उडवायचे, तेव्हा हे हातानं लांबवर नेमका फेकायचे.

१९३४ च्या एफए कप फायनलला वय अवघं २०. मँचेस्टर सिटीनं पोर्ट्समथला २-१ असं हरवलं. शेवटची शिट्टी वाजली आणि ताण असह्य होऊन स्विफ्ट चक्कर येऊन मैदानातच पडले. पुढे १९३७ मध्ये सिटीनं पहिल्यांदा लीग जिंकली. त्या मोसमातले सगळे ४२ सामने ते खेळले.

मग १९३९ आलं. महायुद्ध सुरू झालं तेव्हा स्विफ्ट २५ वर्षांचे होते. उमेदीची सहा वर्षं त्यात गेली. देशाकडून खेळले, पण ते सामने अधिकृत नव्हते. युद्ध संपल्यावर १९४५-४६ मध्ये विजयोत्सवाचे आंतरराष्ट्रीय सामने झाले. लोकांनी त्यांना तुफान गर्दी केली. १३ एप्रिल १९४६ ला ग्लासगोच्या हॅम्पडेन पार्कवर स्कॉटलंड-इंग्लंड सामन्याला १ लाख ३९ हजारांवर प्रेक्षक होते. इंग्लंडच्या गोलमध्ये स्विफ्ट. अगदी शेवटच्या मिनिटांत स्कॉटलंडच्या जिमी डिलेनी यांनी गोल केला आणि सामना १-० असा गेला. एवढ्या गर्दीचा सामना, पण अधिकृत यादीत त्याची गणती नाही.

पहिली अधिकृत कॅप मिळाली ती २८ सप्टेंबर १९४६ ला, वयाच्या ३२ व्या वर्षी. मे १९४८ मध्ये तुरीनला इटलीविरुद्ध त्यांनी इंग्लंडचं नेतृत्व केलं. विसाव्या शतकात गोलकीपरला हा मान पहिल्यांदाच मिळाला. इंग्लंड ४-० जिंकलं. १९४९ मध्ये ते निवृत्त झाले आणि 'न्यूज ऑफ द वर्ल्ड'साठी लिहू लागले. त्याच कामासाठी ते बेलग्रेडला गेले होते. परतताना म्युनिकला घात झाला. वय ४४.

१९३४ च्या फायनलमधले त्यांचे सहकारी मॅट बस्बी त्याच विमानात युनायटेडचे मॅनेजर म्हणून होते. ते गंभीर जखमी झाले, पण वाचले.

स्विफ्ट यांच्या नावापुढे अधिकृत आंतरराष्ट्रीय सामने १९ एवढेच लागतात. हॅम्पडेनचा तो सामना त्यात नाही.