बटाटा, सायटोक्रोम आणि एक वर्षाचं प्रोबेशन

मेसमधल्या बटाट्याच्या भाजीला आपण काय काय नावं ठेवतो! पण ह्याच बटाट्याच्या पेशींवर काम करून एका मराठी मुलीने १९३९ साली केंब्रिज विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? तिचं नाव कमला भागवत, म्हणजेच पुढच्या डॉ. कमला सोहोनी. लेखिका दुर्गा भागवत यांची ही धाकटी बहीण. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. आमच्या पुस्तकांत मेरी क्युरी होत्या, कमलाबाई नव्हत्या. म्हणून यंदा मराठी विभागासाठी लिहायचं ठरल्यावर दुसरा विषय सुचलाच नाही.

कमलाबाईंचा जन्म १८ जून १९११ रोजी इंदूरला झाला. वडील नारायणराव आणि काका माधवराव, दोघेही केमिस्ट. दोघेही बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकलेले. त्या काळी लोक तिला टाटा इन्स्टिट्यूट म्हणत. आपणही तिथेच जायचं, हे कमलाबाईंनी ठरवून टाकलं होतं. १९३३ साली केमिस्ट्री आणि फिजिक्स घेऊन त्या मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला पहिल्या आल्या आणि त्यांनी बंगलोरला अर्ज केला.

अर्ज नामंजूर झाला! कारण मार्कांचं नव्हतं, वयाचं नव्हतं. कारण एकच, अर्जदार मुलगी होती. आणि नकार देणारे कोण, तर संस्थेचे डायरेक्टर सर सी. व्ही. रामन, १९३० चे नोबेल विजेते. दुसरं कोणी असतं तर रडून गप्प बसलं असतं. कमलाबाई थेट बंगलोरला गेल्या आणि रामन यांच्या ऑफिसबाहेर त्यांनी सत्याग्रह केला. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं एक वर्ष प्रोबेशन, रेग्युलर विद्यार्थिनी म्हणून नोंद नाही. गाइड सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंतसुद्धा काम करायचं. आणि लॅबमधलं वातावरण बिघडवायचं नाही, म्हणजे मुलांचं लक्ष विचलित होऊ द्यायचं नाही.

ही शेवटची अट मी पुन्हा पुन्हा वाचली. लक्ष उडणार मुलांचं आणि प्रोबेशन मात्र मुलीला! कमलाबाईंनी अटी मान्य केल्या, कारण दुसरा रस्ताच नव्हता. श्रीनिवासय्या यांच्यासारखे कडक पण मनापासून शिकवणारे गाइड मिळाले. दूध आणि डाळी-कडधान्यं यांतल्या प्रोटीन्सवर त्यांनी काम केलं आणि १९३६ साली डिस्टिंक्शनमध्ये एम.एस्सी. झाल्या. त्यांचं काम बघून रामन यांचं मत बदललं आणि मुलींसाठी संस्थेचा दरवाजा उघडला. पुढे १९४० मध्ये हवामानशास्त्रज्ञ अ‍ॅना मणी तिथे आल्या. राजेश्वरी चटर्जी तर तिथल्या फॅकल्टीतल्या पहिल्या महिला इंजिनिअर झाल्या.

१९३७ च्या शेवटी कमलाबाई केंब्रिजला पोहोचल्या. तिथे बायोकेमिस्ट्रीची लॅब होती सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांची, व्हिटॅमिनच्या कामासाठी १९२९ चं नोबेल मिळवणाऱ्यांची. लॅबमध्ये जागा शिल्लक नव्हती. तेव्हा डेरेक रिक्टर या संशोधकाने दिवसा आपलं टेबल त्यांना दिलं आणि स्वतः रात्री काम केलं. एकीकडे प्रोबेशन आणि एकीकडे हे टेबल, किती फरक! पुढे त्या रॉबिन हिल यांच्याकडे वनस्पतींच्या श्वसनावर काम करू लागल्या आणि इथेच आपला बटाटा आला.

आता थोडं सायन्स. बोअर होऊ नका, इलेक्ट्रिकलवाल्यांना तर हे फारच सोपं आहे. पेशीत साखरेचं ज्वलन होतं, पण चुलीसारखं एकदम नाही. साखरेतले इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे असे पायरीपायरीने जातात आणि शेवटी ऑक्सिजनला मिळून पाणी तयार होतं. वाटेत सुटणारी एनर्जी पेशी एटीपीच्या रूपात साठवते. ह्या साखळीला इलेक्ट्रॉन ट्रान्सपोर्ट चेन म्हणतात. साखळीतली काही प्रोटीन्स अवाढव्य असतात आणि पेशीतल्या मायटोकाँड्रियाच्या पडद्यात पक्की बसलेली असतात. अशा दोन स्टँडांच्या मध्ये शंभर-सव्वाशे अमिनो आम्लांचं एक छोटंसं प्रोटीन ये-जा करतं. तेच सायटोक्रोम-सी. त्याच्या पोटात लोहाचा एक अणू असतो, तो एका वेळी एकच इलेक्ट्रॉन उचलतो आणि पुढे पोचवतो. जणू एकच सीट असलेली एस.टी.ची शटल! ऑक्सिजनच्या एका रेणूसाठी अशा चार फेऱ्या लागतात.

सायटोक्रोम हे नाव केंब्रिजच्याच डेव्हिड कीलिन यांनी १९२५ मध्ये दिलं. प्राणी, यीस्ट आणि वनस्पती, तिन्हींमध्ये त्यांना त्याच्या खुणा दिसल्या होत्या. पण वनस्पतीच्या श्वसनात त्याचं नेमकं काम काय, हे नीट दाखवायचं बाकी होतं. कमलाबाईंनी बटाट्यावर काम करून दाखवलं की वनस्पतीच्या पेशीतही सायटोक्रोम-सी असतं आणि ऑक्सिडेशनमध्ये ते भाग घेतं. त्याच्याकडून इलेक्ट्रॉन घेणाऱ्या सायटोक्रोम ऑक्सिडेज या एन्झाइमवर हिल आणि कमलाबाई यांचं टिपण १९३९ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आलं.

ह्याचा आपल्याशी काय संबंध? राहुरीपासून कोपरगावपर्यंत आपल्या जिल्ह्यात ऊसच ऊस आहे. हा ऊस ताठ उभा राहतो तो पेशीभोवतीच्या सेल्युलोजच्या भिंतींमुळे. सेल्युलोज म्हणजे हजारो ग्लुकोजची सरळ माळ. ती विणणारी एन्झाइम्स पेशीच्या आत तयार होतात, लहान लहान पिशव्यांत भरून पेशीच्या बाहेरच्या पडद्यापर्यंत आणली जातात आणि तिथे बसून माळ ओवतात. ह्या सगळ्या उद्योगाला साखर लागते आणि एनर्जीही लागते. रात्रीच्या अंधारात, जमिनीखालच्या मुळांत ती एनर्जी मुख्यतः श्वसनातून येते, म्हणजे त्या छोट्या शटलच्या फेऱ्यांतून. कारखान्याच्या बॉयलरमध्ये जे चिपाड जळतं, त्यात सर्वात मोठा वाटा ह्याच सेल्युलोजचा असतो. मेकॅनिकलवाल्यांनी एवढं लक्षात ठेवायला हरकत नाही.

कमलाबाईंनी १४ महिन्यांत पीएच.डी. पूर्ण केली आणि थिसिस होता फक्त ४० पानांचा. आपला फायनल इयरचा प्रोजेक्ट रिपोर्ट यापेक्षा जाड असतो! सायन्समध्ये पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय महिला असं त्यांना म्हणतात. मात्र जानकी अम्माल यांनी अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट १९३१ मध्येच मिळवली होती, हेही सांगायला हवं. आणि फक्त बंगलोरच मागासलेलं होतं असं कोणी समजू नये. केंब्रिजने स्त्रियांना विद्यापीठाचं पूर्ण सदस्यत्व दिलं ते १९४८ मध्ये.

१९३९ मध्ये कमलाबाई भारतात परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंज मेडिकल कॉलेजात बायोकेमिस्ट्री विभागाच्या प्रमुख झाल्या, नंतर कुन्नूरच्या न्यूट्रिशन रिसर्च लॅबोरेटरीत गेल्या. १९४७ मध्ये श्री. सोहोनी यांच्याशी लग्न झालं आणि त्या मुंबईला आल्या. तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्रोफेसर म्हणून त्यांनी विद्यार्थ्यांना कामाला लावलं ते गरिबाच्या ताटातल्या अन्नावर. कच्च्या डाळी-कडधान्यांत अशी काही प्रोटीन्स असतात, जी आपल्या पोटातल्या ट्रिप्सिन या पाचक एन्झाइमला अडवतात. नीट शिजवलं की त्यांचा जोर बराच कमी होतो. ह्यावर त्यांच्या लॅबने काम केलं. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास केला. आदिवासी भागातल्या कुपोषित मुलांच्या आणि गरोदर बायकांच्या आहारात नीरा दिल्यावर त्यांची तब्येत सुधारते, असं दिसलं. ह्या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

एवढं सगळं करूनही त्याच संस्थेचं डायरेक्टरपद त्यांना चार वर्षं मिळू दिलं गेलं नाही. अखेर मिळालं आणि १९६९ मध्ये त्या निवृत्त झाल्या. पण घरी बसल्या नाहीत. १९६६ मध्ये मुंबईत नऊ महिलांनी ग्राहकांसाठी जी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी काढली, त्यांत त्या होत्या. अन्नातली भेसळ कशी ओळखावी, हे त्या सामान्य गृहिणींना शिकवत राहिल्या. १९९८ साली त्यांचं निधन झालं.

आपल्याकडे ही गोष्ट नेहमी गोड शेवट करून सांगतात. म्हणजे मुलीने स्वतःला सिद्ध केलं आणि सगळं ठीक झालं! मला ते पटत नाही. विद्यापीठात पहिली आलेली मुलगी अजून काय सिद्ध करणार होती? जे वर्ष तिने प्रोबेशनमध्ये काढलं, ते तिच्या बरोबरच्या मुलांना काढावं लागलं नाही. तीस वर्षांनी डायरेक्टरपदासाठी पुन्हा थांबावं लागलं, म्हणजे एकदा सिद्ध करून भागलं नव्हतंच. रामन महान होते यात शंका नाही, पण त्या वागणुकीचा अपमान आपण कधी विसरलो नाही, असं कमलाबाईंनी उतारवयातही स्पष्टपणे सांगितलं होतं.

आजच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत मुलींना कोणी सत्याग्रह करायला लावत नाही. पण प्रोजेक्टचा ग्रुप पडला की लेथ आणि सोल्डरिंग मुलांकडे, आणि टायपिंग आणि फाइल मुलींकडे, हे आपोआप होतं की नाही? कुणी अट घालत नाही, तरी वाटणी ठरलेली असते. मुलांनो, रिक्टरसारखं अर्धं टेबल द्या, एवढंच मागणं आहे. आणि मैत्रिणींनो, टेबल मिळालं की बटाटा का असेना, हातात घ्या आणि कामाला लागा!

डॉ. कमला सोहोनी यांना आपल्या सर्वांतर्फे मानाचा मुजरा.