इंद्रलाल रॉय : पदक आणि स्मृती

प्रस्तावना

रणांगणावर शौर्य गाजवणाऱ्या सैनिकाला पदक देऊन गौरवले जाते. परंतु गौरव जाहीर होईल तेव्हा तो सैनिकच हयात नसेल तर? अशा वेळी पदक त्याच्या आप्तांच्या हाती येते. ते मागण्याची, जपण्याची आणि त्यामागची हकिकत पुढील पिढीला सांगण्याची जबाबदारीही त्यांच्यावर येते. पहिल्या महायुद्धातील भारतीय वैमानिक इंद्रलाल रॉय यांचे चरित्र या दृष्टीने वाचण्याजोगे आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हांला –
• इंद्रलाल रॉय यांच्या जीवनातील प्रमुख घटना सांगता येतील;
• मरणोत्तर सन्मान कुटुंबापर्यंत कसा पोहोचत असे, हे स्पष्ट करता येईल;
• कागदपत्रांतील अचूक नोंदींचे महत्त्व पटवून देता येईल.

मूलपाठ

१. बालपण आणि शिक्षण

इंद्रलाल रॉय यांचा जन्म २ डिसेंबर १८९८ रोजी कोलकाता येथे झाला. कोलकाता तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानची राजधानी होती. आज जिथे सॉल्ट लेकची आखीव वसाहत उभी आहे, तिथे त्या काळी खाऱ्या पाण्याची दलदल पसरलेली होती. रॉय कुटुंब मूळचे पूर्व बंगालमधील बारिसाल जिल्ह्यातील जमीनदार. वडील प्यारेलाल रॉय हे कोलकात्यातील नामांकित बॅरिस्टर होते. आई ललिता रॉय मुलांच्या शिक्षणासाठी त्यांना घेऊन लंडनला राहिल्या. त्या केवळ संसारात रमणाऱ्या नव्हत्या. स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणून १९११ साली लंडनमध्ये निघालेल्या भव्य मिरवणुकीत भारतीय स्त्रियांच्या सहभागासाठी त्यांनी पुढाकार घेतला होता. महायुद्धाच्या काळात भारतीय सैनिकांच्या मदतीसाठी निधी उभारण्याच्या कार्यातही त्यांनी भाग घेतला.

इंद्रलाल लंडनमधील सेंट पॉल्स शाळेत शिकत होते. पुढे ऑक्सफर्डला जाण्याचा मार्ग त्यांच्यासाठी मोकळा होता. पण १९१४ साली महायुद्ध सुरू झाले. थोरले बंधू परेशलाल सैन्यात दाखल झाले. इंद्रलालांचे मन मात्र विमानांकडे ओढ घेत होते.

२. आकाशाची ओढ

वैमानिक होण्याची वाट सोपी नव्हती. दृष्टी सदोष असल्याचे कारण देऊन त्यांना प्रथम नाकारण्यात आले. असे सांगतात, की त्यांनी आपली मोटारसायकल विकली आणि त्या पैशांतून एका नामवंत नेत्रतज्ज्ञाकडून पुन्हा तपासणी करून घेतली. अखेर तो निर्णय बदलला. ५ जुलै १९१७ रोजी रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये अधिकारी म्हणून त्यांची नेमणूक झाली. तेव्हा त्यांना एकोणिसावे वर्ष चालू होते.

ऑक्टोबरच्या अखेरीस ते फ्रान्समधील ५६ क्रमांकाच्या तुकडीत रुजू झाले. डिसेंबरमध्ये त्यांचे विमान कोसळले आणि ते जबर जखमी झाले. त्यांना मृत समजून शवागारात ठेवण्यात आले होते आणि शुद्धीवर आल्यावर त्यांनी आतून दार ठोठावले, अशी आख्यायिका सांगितली जाते. आख्यायिका बाजूला ठेवली, तरी ते मृत्यूच्या दारातून परत आले यात शंका नाही. दुखण्यातून उठत असतानाही ते कागदावर विमानांची चित्रे रेखाटत असत. डॉक्टरांनी उड्डाणासाठी अयोग्य ठरवले, तेव्हा त्यांनी पुन्हा पाठपुरावा केला आणि परवानगी मिळवली.

३. तेरा दिवसांचा पराक्रम

१९ जून १९१८ रोजी इंद्रलाल ४० क्रमांकाच्या तुकडीत दाखल झाले. जॉर्ज मॅकलरॉय हे अनुभवी वैमानिक त्यांचे प्रमुख होते. ६ जुलै रोजी इंद्रलालांनी पहिले शत्रुविमान पाडले. ८ जुलै रोजी अवघ्या काही तासांत त्यांनी तीन विमानांवर विजय मिळवला. १९ जुलैपर्यंत, म्हणजे तेरा दिवसांत, त्यांच्या नावावर दहा विजय जमा झाले. त्यांतील दोन इतर वैमानिकांच्या साथीने मिळवलेले होते. पाच किंवा अधिक विमाने पाडणाऱ्या वैमानिकाला ‘एस’ म्हणत. पहिल्या महायुद्धात हा मान मिळवणारे इंद्रलाल हे एकमेव भारतीय होत.

त्यानंतर तिसऱ्याच दिवशी, २२ जुलै रोजी, फ्रान्समधील कार्व्हें या गावाच्या आसमंतात जर्मन विमानांशी लढताना त्यांचे विमान पेटून खाली कोसळले. वयाची वीस वर्षेही पूर्ण झालेली नव्हती. एस्तव्हेल या गावच्या दफनभूमीत त्यांचा देह विसावला.

४. मरणोत्तर सन्मान

२१ सप्टेंबर १९१८ च्या राजपत्रात इंद्रलाल रॉय यांना ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ जाहीर झाल्याची नोंद आली. हा सन्मान त्याच वर्षी जून महिन्यात सुरू झाला होता आणि तो मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. राजपत्रात तेरा दिवसांत नऊ विमानांचा उल्लेख आहे. पुढील इतिहासकारांनी सर्व नोंदी पडताळून दहा ही संख्या निश्चित केली.

पदक स्वीकारायला इंद्रलाल मात्र नव्हते. सैनिक मरण पावला असेल, तर शौर्यपदक जवळच्या वारसाकडे जाई. युद्धसेवेच्या पदकांची रीत आणखी वेगळी होती. ब्रिटिश सैन्यातील साध्या शिपायांची पदके मागणी न करता घरी पोहोचत. अधिकाऱ्यांच्या बाबतीत मात्र त्यांनी स्वतः, आणि ते हयात नसल्यास त्यांच्या आप्तांनी, अर्ज करावा लागे. त्यामुळे कित्येक पदके केवळ कोणी मागितली नाहीत म्हणून घरी आलीच नाहीत.

याशिवाय मृत सैनिकांच्या कुटुंबांना कांस्य धातूचे एक गोल स्मृतिचिन्ह दिले जात असे. त्यासाठी नातेवाइकांना छापील अर्जावर आपले नाते लिहून द्यावे लागे. अशी तेरा लाखांहून अधिक स्मृतिचिन्हे तयार झाली. त्यांवर नाव कोरलेले असे, हुद्दा नसे. मरणात अधिकारी आणि शिपाई यांत भेद उरत नाही, हा त्यामागचा विचार होता.

सेवापदकांच्या कडेवर सैनिकाचे नाव उमटवलेले असे. त्या युद्धातील फ्लाइंग क्रॉस मात्र नावाविना दिला जाई. तो चांदीचा क्रॉस कोणाचा, हे कागदोपत्री नोंदींवरून आणि घरातील आठवणींवरूनच सांगता येई. कागद हरवला आणि आठवण पुसली, की उरतो तो केवळ धातूचा तुकडा.

५. नोंदीचे मोल

या युद्धात सुमारे ७४ हजार भारतीय सैनिक मृत्युमुखी पडले. त्यांपैकी अनेकांच्या घरी लिहिता-वाचता येणारे कोणी नव्हते. ललिता रॉय यांच्यासारखी सुशिक्षित माता अर्ज लिहू शकत होती, दाद मागू शकत होती. खेड्यातील विधवेला मात्र त्यासाठी दुसऱ्याचा हात धरावा लागे.

नोंदीतील चूकही किती दुःख देते, याचे उदाहरण मुंबईचे वैमानिक श्रीकृष्ण वेलिणकर यांचे आहे. इंद्रलालांच्या आधी काही आठवडे, जून १९१८ मध्ये, तेही फ्रान्समध्ये मरण पावले. जर्मनांनी त्यांचे दफन करताना नाव चुकीचे लिहिले. त्यामुळे ती कबर वेलिणकरांचीच आहे, हे कळण्यास पुढे काही वर्षे जावी लागली.

आजही दिवंगत सैनिकाचे पदक मागताना कुटुंबाला त्याचा सेवाक्रमांक, पलटणीचे नाव आणि वारसाचा पुरावा द्यावा लागतो. महाराष्ट्रात अशा कुटुंबांना जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मार्गदर्शन मिळते.

६. स्मृती

इंद्रलाल ज्या साम्राज्यासाठी लढले, त्याच साम्राज्याने त्यांच्या देशाला पारतंत्र्यात ठेवले होते. त्यांच्या पराक्रमाचा विचार करताना हा विरोधाभास विसरता येत नाही. मात्र त्या पराक्रमाचा वारसा स्वतंत्र भारताने आपलासा केला. त्यांचे भाचे सुब्रतो मुखर्जी हे १ एप्रिल १९५४ रोजी भारतीय वायुसेनेचे पहिले भारतीय प्रमुख झाले. १९९८ साली, जन्मशताब्दीनिमित्त, भारतीय टपाल खात्याने इंद्रलालांचे तिकीट काढले. कोलकात्यातील भवानीपूर भागात एक रस्ता त्यांचे नाव धारण करून आहे.

फ्रान्समधील त्यांच्या समाधीवर फ्रेंचबरोबर बंगाली अक्षरेही कोरलेली आहेत. येथे एक वीर विसावला आहे, त्याचा मान राखावा, असा त्यांचा आशय आहे. मातृभूमीपासून हजारो मैल दूर, परक्या मातीत, मायबोलीतील ती अक्षरे त्यांच्या नावाची साक्ष देत उभी आहेत.

शब्दार्थ

आप्त – नातेवाईक
सदोष – दोष असलेली
आख्यायिका – परंपरेने सांगितली जाणारी गोष्ट
आसमंत – आजूबाजूचा परिसर
राजपत्र – सरकारी निर्णय प्रसिद्ध करणारे पत्र
मरणोत्तर – मृत्यूनंतरचे
दिवंगत – मृत्यू पावलेला

स्वाध्याय

१. इंद्रलाल रॉय यांना वैमानिक होण्यात कोणत्या अडचणी आल्या?
२. अधिकाऱ्यांची आणि शिपायांची सेवापदके घरी पोहोचण्याच्या रीतींत कोणता फरक होता?
३. ‘कागद हरवला आणि आठवण पुसली, की उरतो तो केवळ धातूचा तुकडा’ या विधानाचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
४. तुमच्या कुटुंबातील किंवा गावातील एखाद्या दिवंगत सैनिकाची माहिती मिळवा आणि ती दहा ओळींत लिहा. नाव, गाव आणि सन अचूक नोंदवा.