गोषातला फोटो

जेऊर स्टेशनावरून जाणाऱ्या लोहमार्गाने एका दिशेला मुंबई गाठता येते, तर दुसऱ्या दिशेला सोलापूर, वाडी करत सिकंदराबाद. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या दोन्ही शहरांत एकाच माणसाचे फोटो स्टुडिओ होते. राजा दीनदयाळ यांचे.

जन्म १८४४ चा, मेरठजवळच्या सरधान्याचा. रुरकीला इंजिनिअरिंग शिकून १८६६ मध्ये ते होळकरांच्या इंदूरला बांधकाम खात्यात लागले. नकाशे आणि अंदाजपत्रकं करणाऱ्या या गृहस्थांनी १८७४ च्या सुमारास कॅमेरा हाती धरला. तुकोजीराव होळकरांनी आणि सर हेन्री डेली यांनी पाठ थोपटली, आणि पुढे नोकरी सोडून त्यांनी फोटोचाच धंदा केला. सिकंदराबादेत स्टुडिओ निघाला, निजामाची मर्जी बसली, ‘राजा’ हा किताबही तिथलाच.

संस्थानिकांचे फोटो त्यांनी खूप काढले. पण मला विचाराल तर त्यात माणसापेक्षा दागिनेच जास्त दिसतात! खरी गंमत आहे ती चारमिनारच्या रस्त्याच्या, पुलांच्या, इमारतींच्या, दुष्काळी कामांच्या फोटोंत. शहर कसं पोट भरत होतं, ते तिथे कळतं. आपल्या मराठवाड्यातलं वेरूळ आणि दौलताबादही त्यांनी टिपलं.

मात्र या रस्त्यांवर घरंदाज बाई शोधून सापडायची नाही. ती गोषात. परक्या पुरुषासमोर बसून फोटो काढायचा, हे तर बोलायलाच नको. म्हणून १८९२ मध्ये दीनदयाळांनी हैदराबादला फक्त बायकांसाठी स्टुडिओ काढला. भोवती उंच भिंती, आत पुरुषाला मज्जाव. कॅमेरा सांभाळायला केनी-लेव्हिक नावाच्या इंग्रज बाई, हाताखालीही बायकाच. यात धंद्याचं गणित होतंच, नाही कशाला म्हणा? निम्मं गिऱ्हाईक दाराबाहेर राहत होतं. पण त्यामुळे कितीतरी बायकांना स्वतःचा चेहरा कागदावर बघता आला. फोटोवर छाप पडायचा दीनदयाळांच्या पेढीचा. केनी-लेव्हिक बाईंचं नाव आज किती जणींनी ऐकलंय?

१८९६ मध्ये त्यांनी मुंबईत स्टुडिओ उघडला, आणि त्याच वर्षी शहरात प्लेग आला. तरी दुकान चाललं. १८९७ मध्ये व्हिक्टोरिया राणीची सनद मिळाली. ५ जुलै १९०५ ला ते वारले. त्यांच्या पेढीच्या २,८५७ काचेच्या निगेटिव्ह १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या.